पंधरा गुणांची शपथ

केकमध्ये बेदाणे होते.

नीतिशास्त्र, मार्च १९४५. प्रश्न चौथा : 'ज्याचा शब्द खरा आहे त्याला शपथेची गरज नाही.' चर्चा करा. गुण पंधरा.

अर्जुना कुस्ती हरला आणि उठून हसला.

वडिलांचं पत्र इटलीहून. मधल्या दोन ओळी सेन्सॉरनं काळ्या केलेल्या. त्यांच्याखाली : बाकी सर्व क्षेम.

सयाजीच्या हर्नियाचं ऑपरेशन मिरजेला झालं. टाके आठ.

बेलाचं पान तीन दलांचं लागतं. किडकं, फाटकं देवाला चालत नाही.

'तर्कशास्त्रात भावना येत नाहीत.' हे पहिल्या वर्षाच्या वहीत माझ्या अक्षरात आहे. खाली दोन रेघा.

*

मी नाथाजी. आमचं गाव ताकारी स्टेशनपासून चार मैल, कृष्णेच्या काठाला. जिकडे बघाल तिकडे ऊस. वडील आकाराम, मराठा पलटणीत हवालदार. लढाई सुरू झाल्यापासून ते एकदाच घरी आले होते, अकरा दिवसांसाठी. घरात आई, चुलते जोतीराम, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली बनू.

सांगलीला मिशनचं एक कॉलेज होतं. वडिलांच्या कप्तानानं चिठ्ठी दिली आणि बेचाळीस सालच्या जूनमध्ये माझं नाव तिथं घातलं गेलं. जायच्या आदल्या दिवशी तात्या म्हणाले,

"मग काय शिकनार म्हनं तितं?"

"तत्त्वज्ञान, तात्या. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र. इतिहास."

"तत्त्वज्ञान म्हंजी?"

"विचार कसा करायचा ते."

"आन् त्याला सांगलीला जावं लागतंय?"

बनू चुलीपाशी हसली. "आवं तात्या, हितं इचार करायला जागा कुटं हाय? सगळा ऊस."

*

त्याच साली, पाऊस ओसरता ओसरता, गावातली चार पोरं चळवळीत गेली. रानात राहायची, पोलीस आले की उसातून उसात जायची. त्यातला एक शाळेत माझ्या बाकावरचा. मी सुट्टीत गावी आलो की कुणी मला काही बोलायचं नाही. पारावरून फक्त विचारायचे, "आलास का?"

"आलो."

"बरं झालं."

एवढंच. मी घरापर्यंत मान खाली घालून जायचो.

*

कॉलेजात सकाळी दहा मिनिटं प्रार्थना. सगळ्यांनी उभं राहायचं. कुणी डोळे मिटायचं, कुणी समोरच्याच्या कॉलरवरचा मळ बघायचं. चार वर्षांत मला कुणी ख्रिस्ती हो म्हणालं नाही. एकदा मीच साळवे सरांना विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला कधी काही म्हणत नाही?"

"काय म्हणू?"

"धर्माबद्दल."

"आधी तर्कशास्त्रात पास हो," सर म्हणाले.

दानियल साळवे. नगरकडचे, दुसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. कोट उन्हाळ्यातही काढायचे नाहीत, आणि कोटाच्या खिशात कायम सुपारी. एकदा नीतिशास्त्राच्या तासाला त्यांनी टेबलावर खडू ठेवला.

"हा खडू इथं आहे?"

"आहे, सर."

"शपथेवर सांगाल?"

"सांगू, सर."

"मग आता खडू जास्त खरा झाला का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, हे वाक्य माझ्यासाठी आहे. त्या टर्मला मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, दुसऱ्या वहीच्याही पहिल्या पानावर लिहिलं, आणि मार्चच्या पेपरात प्रश्न चौथा दिसला तेव्हा आधी तोच सोडवला. सात पानं. पुरवणी मागून घेतली.

*

चव्वेचाळीसचा नाताळ. कॉलेजची गाणारी मंडळी मिरजेच्या मिशन दवाखान्यात जाऊन रोग्यांसमोर नाताळची गाणी म्हणत. खालच्या पट्टीतला एक आवाज कमी पडत होता. साळवे सरांनी मला बोलावलं, म्हणाले, "तू गुऱ्हाळावर बैलांना हाकतोस तो सूर लाव. पण हळू."

पांढरा सदरा, हातात मेणबत्ती. भर दुपारी. मेणबत्ती पेटवलेली होती पण उजेडात ज्योत दिसत नव्हती. वॉर्डामागून वॉर्ड. बायका उठून बसत होत्या, म्हातारे हात जोडत होते. मला गाणं आवडलं. शेवटी वाटलेला तो बेदाण्यांचा केकही मला आवडला. हे दोन्ही खरं आहे, आणि त्यापलीकडे त्या दिवशी काही झालं नाही.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर आष्ट्याचा सयाजी पडला होता. मी त्याला ओळखत नव्हतो. तो मला ओळखत होता. आदल्या महिन्यात बनूचा साखरपुडा झाला होता, आष्ट्याच्या भाऊसोंच्या थोरल्या मुलाशी, अर्जुनाशी. आणि सयाजी भाऊसोंच्या भावकीतला. साखरपुड्याच्या पंगतीत मी वाढलेली बुंदी त्यानं दोनदा घेतली होती.

पुढं सयाजी आष्ट्यात काय बोलला ते मला पुष्कळांनी सांगितलं. प्रत्येकानं थोडं थोडं वाढवून. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती :

"आकाराम हवालदाराचा पोरगा बाटला. डोळ्यानं बगितलं. पांडरा झगा, भर दुपारी मेनबत्ती घिऊन फिरत हुता."

"भर दुपारी?"

"तर! म्हंजी एकतर येडा झालाय, न्हाईतर बाटलाय. आन् येडा तर दिसत न्हवता."

*

भाऊसो चैत्रात आमच्याकडं आले. मी परीक्षेसाठी सांगलीत होतो, हे तात्यांकडून ऐकलेलं. उंच, सावकाश बोलणारा माणूस. सोप्यात घोंगड्यावर बसले, गूळपाणी घेतलं, उसाचं बोलले, लढाईचं बोलले, वडिलांची खुशाली विचारली. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जोतीरामआबा, आमचा तुमच्यावर इस्वास हाय. पोरीत काय न्यून न्हाई. पन भावकी आईकत न्हाई. म्हनत्यात, बाटलेल्या घरात सोयरीक केली तर पंगतीला येनार न्हाई. लगीन म्हंजी पंगत, दुसरं काय?"

"खोटं हाय ते," तात्या म्हणाले.

"खोटंच हाय. म्हनून तर आलूया. नाथाजीरावांनी खंडोबाम्होरं बेल-भंडारा उचलावा, भावकीतल्या चौगांच्या देखत. ईस-पंचीस मिनिटांचं काम. मग कुनाची छाती हाय बोलायची?"

बेल-भंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडची शेवटची शपथ. ताटलीत बेलाचं पान आणि हळद, ती उचलून कपाळाला लावायची आणि देवाच्या नावानं सांगायचं ते सांगायचं. खोटं बोलून कुणी ती उचलत नाही. चोरसुद्धा नाही. बांधाची भांडणं, विहिरीची भांडणं, सगळी त्या ताटलीपाशी येऊन थांबतात.

"उचलंल की," तात्या म्हणाले. "त्यात काय."

परीक्षा संपवून मी गावी आलो तेव्हा तारीख ठरलेली होती. वैशाखातला रविवार. खंडोबाचा वार.

*

देवळासमोर चिंचेखाली तीस-चाळीस माणसं. आष्ट्याहून एक बैलगाडी आलेली, भाऊसो आणि भावकीतले चार जण. त्यात सयाजी, पोटाला हात लावून बसलेला, टाके अजून दुखतात असं सगळ्यांना सांगत. गावातली चळवळीतली पोरंसुद्धा त्या दिवशी आली होती. पोलीस त्या आठवड्यात दुसरीकडे होते. माझ्या बाकावरचा चिंचेच्या मुळीवर बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं मला बघून मान हलवली.

बायका देवळाच्या बाजूच्या भिंतीकडं. आई पुढं, बनू तिच्यामागं.

गुरवानं ताटली पुढं केली.

मी म्हणालो, "मी धर्म बदललेला नाही. हे मी सर्वांसमोर सांगतो आहे. माझा शब्द खरा आहे. मी शपथ घेतली तर माझा शब्द शपथेशिवाय खोटा होता असं ठरेल. म्हणून मी शपथ घेणार नाही."

मग मागून कुणीतरी,

"काय म्हनला?"

"छापील बोलतोय."

"बामनावानी?"

"न्हाई रं. पाद्र्यावानी."

तात्या जवळ आले, माझ्या कोपराला धरलं. "नाथा. उचल की गड्या. एक पान हाय."

"पानाचा प्रश्न नाही, तात्या. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व मागनं बगू. आदी उचल."

"आवं लवकर काय ते करा," गुरव म्हणाला, "माजा हात भरून आला."

दोघं-तिघं हसले. भाऊसो हसले नाहीत. ते उठून माझ्यासमोर आले आणि हात जोडून उभे राहिले. माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठा माणूस.

"नाथाजीराव, आमी तुमाला खोटं म्हनत न्हाई. भावकीचं तोंड हाय. तेवडं बंद करा."

मला आठवतं, त्या क्षणी मी भाऊसोंकडं बघितलं नाही. मी चिंचेच्या मुळीकडं बघितलं. तो दाढीवाला माझ्याकडं बघत होता, पहिल्यांदा नीट. आणि मी अजून मोठ्यानं म्हणालो, "नाही."

गुरवानं ताटली आत नेली.

निघताना आईनं भाऊसोंपुढं पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी तांब्याला दोन्ही हात लावून नमस्कार केला. पाणी प्याले नाहीत.

*

ज्याचा शब्द खरा आहे त्याला शपथेची गरज नाही.
माझा शब्द खरा आहे.
म्हणून मला शपथेची गरज नाही.

हे माझं.

जो बाटलेला नाही तो बेल-भंडारा उचलतो.
हा उचलत नाही.
म्हणून हा बाटलेला आहे.

हे गावाचं. गावात तर्कशास्त्र कुणी शिकलेलं नव्हतं. मी हे अनुमान तेव्हा तपासलं आणि नंतरही अनेकदा तपासलं आहे. त्याच्या बांधणीत चूक नाही.

*

आदला दिवस, शनिवार, दुपार. हे मी मुद्दाम मागं ठेवलं होतं.

परसात बाजेवर धोतर पसरून बनू कुरडया घालत होती. वैशाखातल्या उन्हात तिचं नाक लाल झालं होतं. साचा दाबला की ती ओठ आत घ्यायची. मी सावलीला बसून वाचत होतो.

"दादा."

"हं."

"उद्या उचलशील नव्हं?"

"अगं, उचलतो की."

"तसं न्हाई. पुस्तक खाली ठेव. नीट सांग."

मी पुस्तक खाली ठेवलं. "उचलतो, बने."

तिनं पातेल्यातला चीक वाटीत काढला, वर साखर टाकली, माझ्यापुढं सरकवला. "खा. गरम हाय तवर."

मग ती स्वतःहून बोलायला लागली. अर्जुनाला तिनं दोनदा बघितलं होतं. एकदा साखरपुड्यात, खाली बघत. त्याआधी एकदा जत्रेत, फडावर, लांबून. तो कुस्ती हरला होता. पाठ मातीला लागली, उठला, आणि ज्यानं चितपट केलं त्याच्या पाठीवर थाप मारून हसला.

"हरून हसतोय त्यो मानूस बरा," बनू म्हणाली. "जितून तर कुनी बी हसतंय."

"तू तत्त्वज्ञान शिकायला पाहिजे होतंस."

"मला न्हाई बया. तुजं सदरं मी धुते, माजं कोन धुनार?"

मी त्या वेळी खोटं बोलत नव्हतो. शनिवारी दुपारी मी उचलणारच होतो. रविवारी सकाळी आंघोळ करताना खडू आठवला. देवळाकडं चालताना सात पानं आठवली, जवळजवळ शब्दशः. आणि चिंचेखाली ती चार पोरं दिसल्यावर वाटलं, आज माझीपण पाळी आली.

माझा शब्द खरा आहे, असं मी तीस-चाळीस माणसांसमोर म्हणालो. भिंतीकडं उभ्या असलेल्या एकीला त्याच वेळी माहीत होतं की तो नाही.

*

त्या संध्याकाळी साखरपुड्यात आलेलं सगळं परत पाठवायची बांधाबांध झाली. खण, नारळ, चांदीची साखळी. बनूनं स्वतः बांधलं. गाठ मारताना मला म्हणाली,

"तुजे सर खूश हुतील न्हवं आता?"

"होतील," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं.

*

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर पहिल्याच दिवशी सरांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात सुपारी कातरत होते, साळवेबाई तांदळातले खडे वेचत होत्या. मी सगळं सांगितलं. देवळासमोरचं माझं बोलणं तर जसंच्या तसं. सर ऐकत राहिले. अडकित्ता थांबला होता.

"आणि बहीण?"

"लग्न मोडलं, सर."

"ते समजलं. बहीण काय म्हणाली?"

"काही नाही. तुम्ही खूश व्हाल का, असं विचारलं."

बाईंनी वेचणं थांबवलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

सरांनी कातरलेली सुपारी खिशात टाकली. मग म्हणाले, "नाथाजी, मी प्रश्न दिला होता. पंधरा गुणांचा. त्यात 'चर्चा करा' असं लिहिलेलं होतं."

"हो, सर."

"तुला नऊ दिले. सहा कापले. का, विचारलंस?"

"नऊ जास्तीत जास्त होते, सर. वर्गात."

"सात पानं लिहिलीस. सातही पानं बोलणाऱ्याबद्दल. ऐकणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. शपथ बोलणाऱ्यासाठी असते का रे? खडूला कुठं शपथ लागते? शपथ लागते ती ज्याला खडू दिसत नाही त्याला."

"पण तुम्ही असता तर? तुम्ही उचलला असता?"

"माझ्या बहिणीच्या लग्नासाठी? बेलाचं झाड उचललं असतं, मुळासकट."

"आणि घरी येऊन सांगितलं असतं की डोंगर होता," बाई म्हणाल्या. पण त्याही हसल्या नाहीत.

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. "आणि एक सांगू? मला कुणी ती ताटली पुढं केलीच नसती. माझ्या आजोबाला देवळाच्या पायरीपर्यंत कुणी येऊ दिलं नाही. मी कोट घातलाय म्हणून ताटली थोडीच येणार आहे? तुझ्यापुढं धरली. म्हणजे त्यांनी तुला अजून आपलाच धरलं होतं. बाटलेल्यासमोर कुणी बेल-भंडारा धरतं का? एवढं साधं अनुमान तुला सुचलं नाही?"

मला सुचलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी आष्ट्याला गेलो. सांगलीहून चालत आणि मिळेल त्या बैलगाडीनं. वाटेत एका गावच्या बेलाखाली थांबून पान तोडलं, रुमालात घातलं. भंडारा बरोबर घेतला होता.

भाऊसो मळ्यात मोटेवर होते. मला बघून त्यांनी बैल थांबवले.

"या."

"मी उचलायला आलोय," मी म्हणालो आणि रुमाल सोडला. "इथंच. तुमच्या देवासमोर. तुम्ही म्हणाल त्याला बोलवा."

त्यांनी पानाकडं बघितलं. पान वाटेत चुरगळलं होतं. तीन दलांतलं एक तुटलेलं.

"बसा सावलीला."

"नाही, आधी..."

"बसा. लांबनं आलायसा."

मी बसलो. त्यांनी मडक्यातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग माझ्यासमोर उकिडवे बसले.

"नाथाजीराव, त्या दिशी तुमी म्हनलासा, माजा शब्द हाय तेवडा बास. आज म्हनताय, उचलतो. आता भावकीनं खरं कंचं मानायचं? तवाचं का आत्ताचं?"

"दोन्ही खरं आहे."

"आसंल. तुमी शिकल्यालं. पन आमास्नी दोन खरी झेपत न्हाईत हो. येकच पायजे हुतं, तेवडंच मागितलं हुतं."

विहिरीकडून कुणीतरी हाक मारली. उंच, उघडा, खांद्याला नाडा. तो अर्जुना असावा. भाऊसोंनी हातानंच त्याला थांब म्हणून खूण केली.

"त्याचं जमलंय," ते म्हणाले. "वाळव्याची पोरगी. जेष्ठातच उरकायचं. रोप तयार झालं की लावावं लागतंय, थांबून चालत न्हाई."

मी रुमाल गुंडाळला. उठताना त्यांनी मला हात दिला.

"तुमचा राग न्हाई आला आमाला," ते म्हणाले. "तुमच्यात जीव हाय. पन त्यो त्या दिशी नको तितं लावलासा."

*

वडिलांचं पत्र, जुलै १९४५. इटलीतली लढाई मे महिन्यात संपली होती, तरी पलटण तिथंच होती. या पत्रात काही काळं केलेलं नव्हतं.

'चि. नाथाजीस आशीर्वाद. जोतीरामाचं पत्र पावलं. सर्व समजलं. तू उचलायला पाहिजे होतंस. इथं दोन साल आम्ही काय काय उचललं ते तुला लिहिता येणार नाही. ते उचलताना कुणी तत्त्व विचारलं नाही. बनूला सांग, बाबा येतो. तुझा अभ्यास नीट कर.'

वडील जानेवारीत आले. तोवर दोन स्थळं येऊन गेली होती, म्हणजे येऊन पारावर चौकशी करून परस्पर गेली होती.

*

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात बनूचं लग्न झालं, लोणंदला. केरबा, कांद्याच्या वखारीत मुकादम. बिजवर, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, पहिलीची एक मुलगी. आमची हकिकत लोणंदपर्यंत पोचली नव्हती. किंवा पोचली असेल आणि बिजवराला परवडण्यासारखी असेल. माणूस वाईट नव्हता. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात. पुढं साताऱ्याच्या एका हायस्कुलात इतिहासाचा मास्तर. नीतिशास्त्र शाळेत शिकवत नाहीत, ते बरं आहे.

*

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर सातारा रोडला गाडी धरून लोणंदला गेलो. बरोबर कंदी पेढे. तीन वर्षांत पहिल्यांदा एकटा गेलो होतो. एरवी आई नाहीतर तात्या बरोबर असायचे, मग बोलणं व्हायचं नाही.

बनू जाडावली होती. हातांना कांद्याचा वास. सवतीची मुलगी, हरणी, सात वर्षांची, तिच्या पदराला धरूनच फिरायची आणि तिला आईच म्हणायची. पेढ्यांची पुडी मी कोनाड्यात ठेवली. बनू पाणी आणायला आत गेली आणि परत आली तोवर पुडीची गाठ सुटलेली.

"हरने, पेढा खाल्लास?"

"न्हाई."

"खरं सांग."

"देवाची आन!"

"आन नगं. तोंड उघड."

हरणीनं तोंड उघडलं. जिभेवर पेढा होता. बनू पोटभर हसली, मग तिच्या पाठीत एक हलकाच धपाटा घातला. "आमच्यात आन घेत न्हाईत. इचार मामाला."

हरणी माझ्याकडं बघायला लागली. मी तिला अजून एक पेढा दिला.

नंतर ती खेळायला गेली. बनू सूप घेऊन उंबऱ्यात बसली, ज्वारी पाखडायला. मी तीन वर्षं जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, ते बरंच लांब होतं. तोंडातून एवढंच आलं,

"बने, माझं चुकलं."

"कवा?"

"त्या दिवशी. देवळापाशी."

"त्या दिशी व्हय." सूप वर गेलं, खाली आलं. कोंडा अंगणात उडाला. "त्या दिशी न्हाई चुकलं, दादा. तुला पटत न्हवतं, तू केलं न्हाईस. त्यात काय? बाबांनी बी तेच केलं असतं कदाचित, पत्रात काय का लिवंनात. तुजं आदल्या दिशी चुकलं."

मी बाहीवर आलेला कोंडा झटकला.

"नगं म्हनला असतास तर मी तवाच तात्यांकडं गेले असते. भाऊसोमामांना निरोप दिला असता, या रविवारी नगं म्हनून. न्हाईतर तुला दोन दिस घरात बसवून भांडले असते. माज्या भांडनाम्होरं तुजं पुस्तक टिकलं असतं का?"

"नसतं."

"मग? पन तू उचलतो म्हनलास. मी कुरडया घालत बसले."

तिनं सूप उलटं करून बोटांनी टिचकी मारली. एक-दोन दाणे अडकलेले पडले.

"त्या कुरडया लय चांगल्या झाल्या हुत्या," ती म्हणाली. "पांडऱ्याशुभ्र. कुनी खाल्ल्या काय म्हाईत."

केरबा वखारीतून आला तेव्हा आम्ही पावसाचं बोलत होतो. त्यानं मला रामराम घातला, आग्रह करून जेवायला घातलं, आणि दुपारच्या गाडीवर सोडायला स्वतः स्टेशनापर्यंत आला. सगळ्या वाटेनं तो मला मास्तर म्हणत होता. इतिहासात काय काय शिकवता म्हणून विचारत होता, आणि मी सांगत होतो.

*

१९४५च्या वैशाखातल्या त्या रविवारी भाऊसो पहाटे आष्ट्याहून निघाले, तेव्हा बनूसाठी घेतलेलं हळदीचं लुगडं त्यांनी गाडीत घातलेलं होतं.